पुस्तक काढायला सांगितलं? आधी कागद मागा

वाचनालयात एखादं पुस्तक मागितलं आणि काउंटरवरून ‘ते आता देत नाही’ असं उत्तर आलं, तर आधी विचारावं: हे कुणी ठरवलं, आणि ते कुठे लिहिलंय? पुष्कळदा दोन्हींचं उत्तर नसतं. कुणीतरी निवेदन दिलेलं असतं, कुणाचा तरी फोन आलेला असतो, पदाधिकारी म्हणतात ‘कशाला नसती कटकट’, आणि पुस्तक कपाटाच्या मागच्या रांगेत जातं. दाखल नोंदवहीत ते असतं, रॅकवर नसतं. विचारलं तर ‘बाइंडिंगला दिलंय’.

सरकारने अधिसूचना काढून घातलेली बंदी दिसायला भयंकर असते, पण तिच्याविरुद्ध जायला कायद्यात रस्ता आहे. मुदत ठरलेली आहे, न्यायालय ठरलेलं आहे, तीन न्यायाधीशांचं पीठ बसतं. तोंडी बंदीविरुद्ध दाद कुठे मागणार? हुकूमच नाही तर तो रद्द कोण करणार? म्हणून पुस्तकबंदीला विरोध करणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे ती बंदी कागदावर यायला भाग पाडणं.

बंदी आहे की नुसती हूल?

बंदी म्हणून जे सांगितलं जातं त्यात वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे.

खरी कायदेशीर बंदी म्हणजे पुस्तक सरकारजमा करणं. १ जुलै २०२४ पासून हा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ मध्ये आहे; त्याआधी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ मध्ये होता. मजकूर जवळपास तोच असल्यामुळे जुने निकाल आजही कामाला येतात. पुस्तकातल्या मजकुरामुळे भारतीय न्याय संहितेच्या ठरावीक कलमांखाली गुन्हा होतो असं राज्य सरकारला वाटलं, तर ते सगळ्या प्रती सरकारजमा झाल्याचं जाहीर करू शकतं. ती कलमं सहाच आहेत: १५२ (देशाचं सार्वभौमत्व आणि एकता), १९६ (गटागटांत वैर पसरवणं), १९७ (राष्ट्रीय एकात्मतेला बाधा), २९४ आणि २९५ (अश्लीलता, आणि मुलांना अश्लील साहित्य विकणं), २९९ (धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणं). बदनामी या यादीत नाही. ‘इतिहासाचं विकृतीकरण’ नाही. ‘समाजात नाराजी आहे’ हेही नाही.

ही घोषणा अधिसूचनेनेच करावी लागते आणि सरकारला असं का वाटतं त्याची कारणं तिच्यात लिहावी लागतात. अधिसूचना निघाली की पोलीस भारतात कुठेही प्रत जप्त करू शकतात. पण वाचनालयाच्या आवारात शिरून झडती घ्यायची तर दंडाधिकाऱ्याचं वॉरंट लागतं, आणि वॉरंट घेऊन येणारा अधिकारी उपनिरीक्षकाच्या हुद्द्याखालचा चालत नाही. तेव्हा कुणी मोबाइलवरचा मेसेज दाखवून ‘या पुस्तकावर बंदी आलीय, प्रती द्या’ म्हणालं, तर ग्रंथपालाने शांतपणे अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख मागावी. झडतीची भाषा झाली तर वॉरंट पाहावं. प्रती नेल्या तर पुस्तकाचं नाव, दाखल क्रमांक आणि प्रतींची संख्या लिहिलेला पंचनामा मागावा, आणि त्याची प्रत फाइलला लावावी. अधिसूचना खरी असेल तर अडवाअडवी करू नये. ती लढाई उच्च न्यायालयात लढायची असते, काउंटरवर नाही.

दुसरा प्रकार सीमाशुल्क कायद्याखालचा: परदेशात छापलेलं पुस्तक आयात करायला मनाई. १९८८ मध्ये सलमान रश्दी यांच्या ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ची आयात अशीच रोखली गेली. एका वाचकाने २०१९ मध्ये त्या मनाईला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. न्यायालयाने मूळ अधिसूचना मागितली. ती कुणालाच दाखवता आली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की अशी अधिसूचना अस्तित्वातच नाही असं धरून चालावं लागेल, आणि प्रकरण संपवलं. सगळा देश ज्या बंदीला छत्तीस वर्षं धरून चालला होता, तिचा कागद मागितल्यावर तो निघाला नाही.

तिसरा प्रकार प्रकाशकाने स्वतःच माघार घेण्याचा. दिवाणी दावा पडतो, प्रकाशक तडजोड करतो, उरलेल्या प्रती मागे घेतो. अमेरिकन अभ्यासक वेंडी डॉनिगर यांच्या हिंदू धर्मावरच्या पुस्तकाचं २०१४ मध्ये हेच झालं. वाचनालयांचा गोंधळ होतो तो इथे. दोन पक्षांतली तडजोड त्या दोन पक्षांना बांधते. वाचनालयाने पैसे देऊन घेतलेली प्रत रॅकवर ठेवायला, घरी न्यायला द्यायला तिची काही आडकाठी नाही. तरी ‘त्या पुस्तकावर बंदी आहे ना’ म्हणून प्रती आत जातात.

चौथा, अभ्यासक्रमातून वगळणं. २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.च्या अभ्यासक्रमात असलेली रोहिंटन मिस्त्री यांची एक कादंबरी, विद्यार्थी संघटनेच्या आंदोलनानंतर, कुलगुरूंनी तातडीचे अधिकार वापरून काढून टाकली. कादंबरी दुकानांत मिळत होती. कायद्याने तिच्यावर बंदी नव्हती. फक्त वर्गात ती शिकवायची नाही असं ठरलं, आणि ज्या अभ्यास मंडळाने ती निवडली होती त्याचं म्हणणं बाजूला पडलं.

आणि शेवटी ती तोंडी बंदी. तिच्यावर पुढे बरंच लिहायचं आहे.

अधिसूचना निघाली, आता दोन महिने

सरकारजमा करण्याच्या हुकमाला फक्त एकाच पद्धतीने आव्हान देता येतं: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९९ खाली (जुनं कलम ९६) उच्च न्यायालयात अर्ज. जिल्हा न्यायालय नाही, दिवाणी दावा नाही. मुदत राजपत्रात प्रसिद्धी झाल्यापासून दोन महिने. बातमी आपण कधी वाचली याला महत्त्व नाही. मुदत हुकली तर माफ होईल या भरवशावर राहू नये.

थेट सर्वोच्च न्यायालयात धाव घेणं ही नेहमी होणारी चूक. जम्मू-काश्मीरच्या गृहविभागाने ऑगस्ट २०२५ मध्ये एका अधिसूचनेने २५ पुस्तकं सरकारजमा केली. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली तेव्हा न्यायालयाने ती ऐकून घेतली नाही आणि उच्च न्यायालयाकडे जायला सांगितलं. दोन महिन्यांच्या मुदतीत असे दिवस वाया घालवणं परवडत नाही.

अर्ज कोण करू शकतं? कायद्याचे शब्द आहेत: पुस्तकात ‘कोणताही हितसंबंध’ असलेली व्यक्ती. लेखक आणि प्रकाशक तर आलेच. पण वाचकालाही हा दरवाजा उघडा आहे, आणि तो महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात उघडला. जेम्स लेन यांचं शिवाजी महाराजांवरचं इंग्रजी पुस्तक २००३ मध्ये आलं. त्यातला एक मजकूर संतापजनक होता, आणि पुराव्याविना लिहिल्याबद्दल महाराष्ट्रातल्या इतिहास-अभ्यासकांनी त्याचा लेखी निषेध केला. एखाद्या पुस्तकातल्या चुकीला उत्तर द्यायचा हा रास्त मार्ग. प्रकाशकाने नोव्हेंबर २००३ मध्ये भारतातून पुस्तक मागेही घेतलं. तरी ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला, जुनी पुस्तकं आणि हस्तलिखितं फाडली-विस्कटली गेली. त्यानंतर त्याच महिन्यात राज्य सरकारने पुस्तकावर बंदी घातली. तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले ते लेखक-प्रकाशक नव्हते. एक वकील, एक माहितीपटकार आणि एक सामाजिक कार्यकर्ती यांनी अर्ज केला, आणि त्यांचा अर्ज करण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. राज्य सरकारचं अपील सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै २०१० रोजी फेटाळलं.

का फेटाळलं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. सरकारचा आधार होता गटागटांत वैर पसरवण्याचं कलम. न्यायालयाने अधिसूचना हातात घेतली आणि विचारलं: कुठले दोन गट? कुणाचं कुणाशी वैर? अधिसूचनेत ते लिहिलेलंच नव्हतं. पुस्तक चांगलं की वाईट हा प्रश्न न्यायालयाने सोडवला नाही. हुकमात जे असायला हवं ते नव्हतं, म्हणून हुकूम पडला.

या प्रकारच्या खटल्यांत विरोधकांचा सगळ्यात जास्त वेळ पुस्तकाची थोरवी सांगण्यात जातो. लेखक किती मोठा, पुरस्कार किती मिळाले, परीक्षणं काय म्हणतात. हे जोडायला हरकत नाही, पण अर्जाची पहिली पानं अधिसूचनेवर खर्च करावीत. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हरनाम दास खटल्यात आणि १९७६ मध्ये ललई सिंह यादव यांच्या खटल्यात (तमिळ समाजसुधारक पेरियार यांच्या रामायणावरच्या पुस्तकाचं हिंदी भाषांतर उत्तर प्रदेश सरकारने सरकारजमा केलं होतं) हेच सांगितलं: कारणं हुकमातच हवीत. २०१० च्या निकालात नियम आणखी नेमके झाले. नुसती कलमाची भाषा पुन्हा लिहिली तर ती कारणं होत नाहीत. न्यायालय तपासणार ती हुकमात दिलेलीच कारणं. सरकारला नंतर प्रतिज्ञापत्रात नवी जोडता येत नाहीत. इकडचं-तिकडचं वाक्य उचलून अख्खं पुस्तक जप्त करता येत नाही. पुस्तक कुठल्या वाचकासाठी लिहिलंय तेही बघायचं. आणि मजकुराचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर माणसाच्या मनाने. प्रत्येक विरोधी मतात संकटाचा वास येणाऱ्या दुबळ्या मनाने नव्हे. ही शेवटची कसोटी १९४० च्या दशकात नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी लावली होती. आजही प्रत्येक वकील ती वाचून दाखवतो.

तरी भाबडेपणाने जाऊ नये. २०१० च्या त्याच निकालात सरकारच्या बाजूच्या गोष्टीही आहेत. सरकारचं प्रथमदर्शनी मत खोडून काढायची जबाबदारी अर्जदारावर आहे. आणि ‘लिहिलंय ते इतिहासात घडलेलं आहे’ एवढा बचाव पुरत नाही. द्वेष पसरवायच्या रोखाने लिहिलं असेल तर मजकूर खरा असूनही गुन्हा होऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये इस्लामविरोधी एका इंग्रजी पुस्तकावरची महाराष्ट्र सरकारची बंदी कायम ठेवली. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बसवेश्वरांच्या चरित्राशी संबंधित एका कन्नड कादंबरीवरची बंदी कायम ठेवली. जिंकण्याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

हाताशी काय लागतं? राजपत्रातल्या अधिसूचनेची प्रत, पुस्तकाची पूर्ण प्रत, आणि अधिसूचनेत पानं किंवा उतारे दिले असतील तर त्यांच्या मागची-पुढची पानं. मुंबई उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, त्यामुळे पुस्तक मराठी असेल तर या सगळ्याचं भाषांतर पहिल्याच आठवड्यात कामाला लावावं. दोन महिन्यांतला मोठा भाग यातच जातो, आणि घाईत केलेल्या भाषांतरात मूळचं उपरोधिक वाक्य सरळ शिवीसारखं दिसू लागतं.

कुणाच्या पुस्तकासाठी हे सगळं करायचं, हा प्रश्न अवघड जागी नेतो, आणि तिथे जाणं भाग आहे. गोपाळ गोडसे यांचं ‘गांधीहत्या आणि मी’ हे मराठी पुस्तक १९६७ मध्ये सरकारजमा झालं, आणि १९६९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. पेरियार यांच्या पुस्तकाला ज्या तरतुदीने सोडवलं त्याच तरतुदीने यालाही सोडवलं. गांधींच्या खुन्यांच्या बाजूने लिहिलेलं पुस्तक आम्हाला मनापासून नकोसं वाटतं. तरीही ते वाचनालयात असावं असं आमचं मत आहे, कारण त्याचं खंडन करणाऱ्याला आधी ते वाचावं लागणार. आपल्याला पटणाऱ्या पुस्तकांपुरताच जो बंदीला विरोध करतो, त्याचं म्हणणं पुढच्या वेळी ग्रंथपालही मनावर घेत नाही.

तोंडी बंदी

२०१५ च्या जानेवारीत तमिळनाडूतल्या नामक्कलमध्ये तमिळ लेखक पेरुमाळ मुरुगन यांना त्यांच्या एका कादंबरीवरून प्रशासनाने ‘शांतता बैठकीला’ बोलावलं. बाहेर जमाव होता. आत त्यांच्याकडून एका कागदावर सही घेतली गेली: बिनशर्त माफी, मजकूर वगळणं, न विकलेल्या प्रती मागे घेणं. सरकारने बंदी घातलीच नव्हती. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अशा बैठकीतली कबुली कुणावरही बंधनकारक नाही, आणि पुस्तक आवडलं नाही तर वाचणाऱ्याने ते बाजूला टाकावं, वाचायची सक्ती कुणावरच नाही. याआधी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका चित्रपटाच्या खटल्यात सांगून ठेवलंय की जमावाच्या धमकीपुढे सरकारने हात टेकू नयेत. कायदा-सुव्यवस्था राखणं हे त्याचंच काम आहे. पोलीस ठाण्यातून ‘जरा ते पुस्तक ठेवू नका, उगाच वातावरण बिघडेल’ असा निरोप आला तर हे दोन निकाल सांगता येतात. आणि लगेच पुढचं वाक्य: ‘साहेब, हे लेखी द्याल का?’ हे वाक्य उद्धटपणे बोलायचं नाही. बहुतेकांना आपल्या सहीने असा कागद द्यायचा नसतो, कारण तो देण्याचा अधिकार आपल्याला नाही हे त्यांना ठाऊक असतं.

वाचक म्हणून आपल्या हातात माहितीचा अधिकार आहे. शासकीय ग्रंथालयं थेट त्याखाली येतात. गावोगावच्या अनुदानित सार्वजनिक वाचनालयांचं थोडं वेगळं आहे. ती संस्था म्हणून नोंदलेली असतात, पण महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली त्यांना अ, ब, क, ड वर्गानुसार अनुदान मिळतं. सरकारकडून मोठा निधी मिळणाऱ्या संस्था या कायद्याखाली येतात असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय. वाचनालय तरीही ‘आम्हाला लागू नाही’ म्हणालं तर वाद घालत बसू नये. अर्ज जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या कार्यालयात करावा. तपासणी आणि अनुदानाच्या निमित्ताने हे कार्यालय वाचनालयाकडून जी कागदपत्रं मागवू शकतं, ती माहिती त्याच्यामार्फत मिळवता येते.

महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि शक्यतो १५० शब्दांत बसवायचा असतो, आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. ‘पुस्तक का काढलं?’ असं विचारू नये. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ठरवून दिलंय की ‘का’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे माहिती नव्हे. जे रेकॉर्डवर आहे तेच मागता येतं. ‘यादी करून द्या’ हेही टाळावं, कारण ‘अशी यादी तयार नाही’ असं उत्तर येतं आणि महिना जातो. अर्जाचा मजकूर असा चालेल (त्यातलं ‘निर्लेखन’ म्हणजे पुस्तक दप्तरातून कायमचं कमी करणं):

‘१ जानेवारी २०२४ पासून आजपर्यंतच्या काळातील पुढील कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात: देवघेवीतून काढलेल्या, बाजूला ठेवलेल्या किंवा निर्लेखित केलेल्या पुस्तकांच्या नोंदी असलेली दाखल नोंदवही व निर्लेखन नोंदवहीची पाने, त्याबाबतचे कार्यकारी मंडळाचे ठराव, पुस्तकांविरुद्ध आलेली निवेदने व त्यांवर केलेली कार्यवाही, याबाबत पोलीस, शिक्षण विभाग किंवा इतर कार्यालयांकडून आलेली पत्रे व ई-मेल.’

उत्तराला ३० दिवस. नाही आलं, किंवा अर्धवट आलं, तर ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. तक्रारदारांची नावं झाकून दिली तरी बिघडत नाही. ती आपल्याला नकोच आहेत. ‘अशी कोणतीही नोंद उपलब्ध नाही’ असं एका ओळीचं उत्तर आलं तर निराश होऊ नये, ते फार मोलाचं आहे. पुस्तक काढण्याचा निर्णय झालेलाच नाही, अशी ती लेखी कबुली आहे. ती जोडून कार्यकारी मंडळाला पत्र द्यावं: निर्णय नाही, ठराव नाही, अधिसूचना नाही, तेव्हा पुस्तक देवघेवीत परत ठेवावं.

निर्लेखनाकडे मात्र बारकाईने बघावं. फाटलेली, वाळवी लागलेली, जुनी झालेली स्पर्धा परीक्षेची पुस्तकं काढणं हे वाचनालयाचं रोजचं काम आहे आणि त्याला बंदी म्हणणं अन्यायाचं होईल. संशय घ्यायचा तो तेव्हा, जेव्हा चांगल्या अवस्थेतलं, नुकतंच घेतलेलं पुस्तक ‘जीर्ण’ या शेऱ्याखाली जातं. खरेदीची तारीख आणि निर्लेखनाची तारीख शेजारी ठेवली की ते लगेच दिसतं.

शाळेत गेल्यावर

शाळेचा प्रश्न नाजूक आहे. आपल्या मुलाने काय वाचावं हे ठरवण्यात आईवडिलांचा हक्क आहेच, आणि सहा वर्षांच्या मुलाच्या हातात चौदा वर्षांच्या मुलाचं पुस्तक देऊ नये हे कुठल्याही शिक्षिकेला कळतं. वयानुसार कपाटं वेगळी करणं, ‘माझ्या मुलीला हे देऊ नका’ अशी पालकाची चिठ्ठी जपून ठेवणं, हे सगळं ठीक. पण एका पालकाच्या हरकतीने बाकी सगळ्यांच्या मुलांसाठीही पुस्तक बंद होतं, तिथे हक्काची मर्यादा ओलांडलेली असते.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं हवीत असं लिहिलंय. त्याच कायद्याने जिल्हा परिषद, पालिका आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया. म्हणजे पुस्तकाची बाजू घ्यायला बाहेरून कुणी आणावं लागत नाही, समितीतल्या दोन-तीन पालकांनी ते वाचून येणं पुरतं. मुख्याध्यापकांवर दबाव येतो तो त्यांना एकट्याला गाठून भेटणाऱ्या शिष्टमंडळाचा. ‘निवेदन समितीपुढे ठेवतो, पुढच्या बैठकीत चर्चा होईल’ हे उत्तर त्यांना मोकळं करतं, आणि बैठकीच्या इतिवृत्तात विषय नोंदला जातो.

अश्लीलतेची भीती शिक्षकांना जास्त वाटते. कायद्यात विज्ञान, साहित्य, कला, शिक्षण यांच्या हिताच्या प्रकाशनांना अपवाद आहे, आणि २०१४ पासून सर्वोच्च न्यायालयाची कसोटी समाजाच्या आजच्या मानदंडांची आहे. मराठीपुरतं बोलायचं तर १९६२ च्या एका दिवाळी अंकात आलेल्या चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबरीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६९ मध्ये ते निर्दोष सुटले. शरीराची माहिती देणारं किशोरांसाठीचं पुस्तक ठेवल्याने कुणी गुन्हेगार होत नाही.

आधीच लिहून ठेवलेलं धोरण

अमेरिकेत हा प्रश्न सध्या फार मोठा झालाय. पेन अमेरिका या संस्थेने २०२३-२४ च्या शालेय वर्षात तिथल्या सरकारी शाळांत पुस्तकं काढल्याच्या १०,०४६ घटना मोजल्या. पण तिथल्या ग्रंथपालांकडून एक गोष्ट जशीच्या तशी घेण्यासारखी आहे: फेरविचाराची लेखी पद्धत, वाद येण्याआधीच मंजूर केलेली. हरकत घेणाऱ्याला एक फॉर्म भरावा लागतो. तुम्ही वाचनालयाचे सभासद आहात का? पूर्ण पुस्तक वाचलंय का? कुठल्या पानावर हरकत आहे? काय करावं असं वाटतं? मग ग्रंथपाल, शिक्षक, वाचक यांची छोटी समिती पुस्तक पूर्ण वाचून ठरावीक दिवसांत लेखी निर्णय देते. निर्णय होईपर्यंत पुस्तक रॅकवरच राहतं. हे शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. ते नसलं की काय होतं, ते फ्लोरिडात दिसलं. २०२३ च्या तिथल्या कायद्याने काही प्रकारच्या हरकती आल्या की पाच शालेय दिवसांत पुस्तक काढायचं आणि निकाल लागेपर्यंत बाहेरच ठेवायचं, असा उलटा नियम केला. मग कुणालाही एक फॉर्म भरून महिनोन्‌महिने पुस्तक बंद ठेवता येऊ लागलं.

न्यायालयावर सगळी भिस्त ठेवू नये, हाही धडा तिथलाच. टेक्सासमधल्या लॅनो काउंटीच्या सार्वजनिक वाचनालयातून १७ पुस्तकं काढली गेली. वाचकांना २०२३ मध्ये खालच्या न्यायालयात दिलासा मिळाला, पण मे २०२५ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला: माहिती मिळवण्याच्या हक्काचा आधार घेऊन वाचक वाचनालयाने पुस्तक काढण्याला आव्हान देऊ शकत नाहीत. याउलट इलिनॉय राज्याने २०२३ मध्ये कायदाच केला की पुस्तकबंदीविरोधी लेखी धोरण नसलेल्या वाचनालयाला राज्याचं अनुदान नाही. न्यू जर्सीने डिसेंबर २०२४ मध्ये अशा धोरणाचा कायदा केला. तिथल्या मराठी पालकांना आपल्या शाळा मंडळाचं धोरण मागून घेता येईल आणि मंडळाच्या जाहीर बैठकीत बोलता येईल. महाराष्ट्रात अनुदानाची साखळी १९६७ पासून तयार आहे. वर्गवारीच्या निकषांत पुस्तकसंख्या, वृत्तपत्रं, इमारत मोजतात. त्यात ‘फेरविचाराचं लेखी धोरण’ ही एक ओळ घालायला नवा कायदा लागणार नाही, असं आम्हाला वाटतं.

सरकार ते करेल तेव्हा करेल. वाचनालयाच्या सभासदांना ते वार्षिक सर्वसाधारण सभेत करता येतं. ठराव छोटा ठेवावा: राजपत्रातली अधिसूचना किंवा न्यायालयाचा हुकूम असल्याशिवाय कोणतंही पुस्तक हरकतीवरून देवघेवीतून काढलं जाणार नाही; हरकत ठरलेल्या फॉर्मवर, पूर्ण पुस्तक वाचून, सभासदानेच घ्यायची; ग्रंथपाल, एक कार्यकारिणी सदस्य आणि तीन वाचक-सभासद अशी पाच जणांची समिती ४५ दिवसांत लेखी निर्णय देईल; तोवर पुस्तक रॅकवर राहील; एकदा निर्णय झालेल्या पुस्तकावर तीन वर्षं नवी हरकत घेतली जाणार नाही. सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवावेत. ठराव ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये मांडला तर अध्यक्ष तो सहज पुढे ढकलतात, म्हणून संस्थेची घटना मागून घेऊन सभेच्या किती दिवस आधी विषय द्यावा लागतो ते पाहावं, तेवढ्या दिवसांआधी पत्र द्यावं, आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाले’ असा शिक्का, तारीख आणि सही घ्यावी.